परत जाता येईल इतकं जवळ

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बरोबरीचे सगळे लांब लांब निघालेत, तुला मात्र यंदा ना पैसे जमले ना सलग रजा मिळाली, आणि ‘जवळपासचं तर सगळं बघून झालंय’ म्हणून तू हिरमुसला आहेस. पैशांचं आणि रजेचं मला पटलं. शेवटचं वाक्य पटलं नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

एक काम कर. नकाशा घे, घरावर कंपासाचं टोक ठेव आणि २५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढ. आत जवळजवळ १,९६० चौरस किलोमीटर जागा येते. रोज एक चौरस किलोमीटर बघायचं म्हटलं तरी पाच वर्षं पुरत नाहीत. आता त्यात तुझ्या पायाखालून गेलेले रस्ते पेन्सिलीनं रंगव. घर ते कामाची जागा, घर ते बाजार, एखादी टेकडी, नेहमीचं तळं. दोन-चार रेघा उमटतील, बाकी कागद कोराच राहील.

लांबच्या प्रवासाची मलाही हौस आहे. पण तिथं आपण हावरे होतो. एवढा खर्च केलाय, पुन्हा कधी येणं होईल कोण जाणे, म्हणून एका दिवसात पाच ठिकाणं उरकतो, तीही भर उन्हात. जवळच्या सहलीत ही घाई करायचं कारणच नाही. राहिलं ते पुढच्या रविवारी बघू. ढग दाटले, पाय दुखला, नुसता कंटाळा आला, तरी अर्ध्या वाटेवरून परत फिरावं. काही बुडत नाही. उन्हाळ्यात ही मुभा फार मोलाची आहे.

मला ती वेळेवर सुचली नव्हती. विशीत असताना एका मैत्रिणीबरोबर जवळच्याच डोंगरावर निघाले. निघायलाच उशीर झालेला. साडेअकरा वाजून गेले, माथा हाकेच्या अंतरावर दिसत होता. ती म्हणाली, डोकं दुखतंय, मळमळतंय. मी म्हटलं, ‘आलंच की आता.’ आणखी पंधरा मिनिटांत तिचे पाय लटपटायला लागले, अंग घामानं चिकट आणि चेहरा पांढराफटक. झुडपाच्या तोकड्या सावलीत तिला निजवलं, होतं तेवढं पाणी थोडं पाजलं, थोडं कपड्यावर ओतून मान आणि काखा पुसत राहिले. तासाभरानं ती सावरली. डोंगर कुठं जाणार होता? पुढच्या आठवड्यातही तिथंच असता. हे मला आजही बोचतं.

म्हणून सांगते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायात गोळे ही उन्हाची पहिली हाक. तिथंच थांबायचं, सावली गाठायची, पाणी प्यायचं, अंग गार करायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याचं भान हरपायला लागलं, तर तो उष्माघात. अशा वेळी शरीराचं तापमान बहुधा ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. ताबडतोब मदत बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहायचं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आता वेळेचं. दिवसाची सगळ्यांत गार वेळ सूर्योदयाच्या सुमाराची. सगळ्यांत तापलेली वेळ मात्र बारा वाजताची नव्हे. हवा सर्वांत गरम होते ती मध्यान्हीनंतर दोन ते चार तासांनी, कारण सूर्य कलायला लागल्यावरही जमिनीकडून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा तिला मिळणारी उष्णता बराच वेळ जास्तच असते. त्वचा भाजणारे अतिनील किरण मात्र मध्यान्हीच जोरात असतात. त्यासाठी घड्याळ लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर आला, असं समजून आडोसा धरायचा.

म्हणजे उन्हाळ्यातल्या दिवसाची दोन टोकंच आपली. उजाडायच्या आत घर सोड. साडेनऊ-दहाला परत ये, नाहीतर दुपार काढायला एखादी जागा आधीच हेरून ठेव आणि चार-पाच तास तिथंच बस. ती जागा मोठ्या झाडाखालची असेल तर उत्तम. पत्र्याच्या सावलीत आपल्याला उकडतं, कारण पत्रा स्वतः तापून ती उष्णता खाली फेकतो. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफेच्या रूपात सोडत असतं, त्यात उष्णता खर्ची पडते आणि पानं फारशी तापत नाहीत. गार वाटावं म्हणून टेकडी गाठणाऱ्यांनाही मी एक हिशेब सांगत असते: हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे तीनशे मीटरच्या टेकडीवर जेमतेम दोन अंशांचा फरक. तिथं बरं वाटतं ते वाऱ्यामुळं, आणि तो पडला की टेकडीवरचा कातळ तव्यासारखा तापतो.

अंतराचा अंदाज नवख्यांचा नेहमी चुकतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला होता. आजच्या मापात तो असा: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब. उन्हाळ्यात मी त्याची दीडपट धरते. फोटो काढणारं कुणी बरोबर असेल तर दुप्पट. पाण्याचे मनाशी तीन वाटे कर: एक जाताना, एक येताना, एक अडचणीसाठी. पहिला वाटा संपला की जिथं असशील तिथून मागं फिर. कुठल्या वाटेनं जातोयस आणि कितीला परतणार, हे घरात कुणाला तरी सांगून जा. जवळच जायचंय म्हणून नेमकं हेच राहून जातं.

विजेबद्दल एवढंच की ती चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या टापूत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिर आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नकोस. अनोळखी पाण्यात उडी कधीच मारायची नाही.

कुठं जायचं, हे तू विचारलंयस. ठिकाणांची यादी मी देणार नाही, ती तुझ्या नकाशावरच्या कोऱ्या जागांतून निघेल. युक्त्या सांगते. रोजच्या बसनं तू मधल्या थांब्यावर उतरतोस. एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि चालत मागं ये. घराजवळून एखादा ओढा किंवा नाला जात असेल तर त्याच्या उगमाकडे चालत जा. सगळा एका दिवसात होणार नाही, तुकडे पाड. मला स्वतःला ही ओढ्याची सहल सगळ्यांत आवडते, कारण पाण्याच्या काठानं गेलं की गाव कुठं बसलं, रस्ता कुठं वळला, शेत कुठं थांबलं, याची कारणं आपोआप कळत जातात.

आणि एकच जागा अशी निवड की जिथं वर्षभर परत परत जाशील. १८३१ ते १८३६ जहाजातून जगभर हिंडून आलेला चार्ल्स डार्विन १८४२ मध्ये इंग्लंडमधल्या डाउन या गावी राहायला गेला आणि १८८२ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. घरामागच्या एका वाटेवर तो रोज फेऱ्या घालायचा. राहायला आला त्याच वर्षी, १८४२ मध्ये, त्यानं घराजवळच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथं चर खणून पाहिला. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीखाली तो खडू सुमारे सात इंच खोल गेला होता. घरापासून चार पावलांवर राहणाऱ्यालाच असं काही बघता येतं. तुला २९ वर्षं थांबायला सांगत नाही. पण एक वही कर. तारीख, वेळ, पाणी कुठवर होतं, कुठल्या झाडाला पालवी आली, कुठला पक्षी नव्यानं दिसला, एवढं लिही. चौथ्या खेपेपासून ती जागा तुला ओळख द्यायला लागेल. पहिल्या तीन खेपांत काहीच घडलं नाही असं वाटेल. तिथं सोडून देऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात येत्या पौर्णिमेला कर. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आसपासच उगवतो, त्यामुळं दिवस मावळता मावळता उजेड पुन्हा मिळतो, आणि जमीन निवायला लागलेली असते. चंद्राचं उगवणं रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढं जातं, म्हणून एक-दोन दिवस चुकले तरी चालेल. बरोबर कुणाला तरी घे, फार लांब नको, पूर्वेकडे मोकळं दिसेल अशी जागा हवी. ती कुठली, हे आदल्या दिवशी दिवसाउजेडी जाऊन बघून ठेव. परतीच्या वाटेवर खड्डे कुठं आहेत तेही बघ.

वहीचं पहिलं पान मला पाठव.

तुझ्या,
बाई