नवीन आहेस ना, मग आधी कापड ओळखायला शिक

भावा, जुने लष्करी झेंडे जमवायची आवड लागली हे भारीच, पण पहिले दोन-तीन महिने काहीच विकत घेऊ नकोस. नाशिकला आहेस तर आधी नाशिकरोड कॅम्पातलं तोफखान्याचं म्युझियम बघून ये. तोफखान्यात तोफांनाच निशाणाचा मान असतो, त्यामुळे कोणी आर्टिलरीचा जुना 'ओरिजिनल कलर' (म्हणजे रेजिमेंटचं मानाचं निशाण) घेऊन आला की तिथेच थांबायचं. ब्रिटिश काळातले बऱ्याच रेजिमेंटचे किंग्ज कलर तर २३ नोव्हेंबर १९५० ला डेहराडूनला मिलिटरी अकॅडमीच्या चेटवूड हॉलमध्ये ठेवले गेले, मग बाजारात खरा कलर कुठून येणार? सुरुवात सिग्नलच्या झेंड्यांपासून कर, स्वस्त पडतात आणि हात बसतो.

नवीन लोक हमखास चुकतात त्या गोष्टी:

- धुणं. माझा पहिला झेंडा मी साबणाच्या पाण्यात बुडवला, लाल रंग सगळा पांढऱ्या पट्ट्यावर उतरला, अजून कपाट उघडलं की जीव तुटतो.
- लॅमिनेशन, घडी घालून ठेवणं, उन्हात टांगणं. घडीवरच कापड आधी फाटतं, म्हणून नळीवर गुंडाळ, मध्ये ॲसिड-फ्री कागद.
- यूव्ही टॉर्च न मारता पैसे देणं. अंधारात मार, शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला तर तो बहुतेक महायुद्धानंतरचा, किंवा झेंडा ब्राइटनरवाल्या (कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून रसायन घातलेल्या) पावडरीत धुतलेला तरी असेल.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघ, लोकरीच्या कापडाला कसर फार पटकन लागते. जरीकाम, मापं वगैरे नंतर, आधी एखादा झेंडा हातात येऊ दे, मग फोटो पाठव, शिवणीचा जवळून काढ.