घरच्या बांधकामात वीट सरळ कशी कापावी? त्यासाठी ग्राइंडर घ्यावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की कमरेएवढी भिंत स्वतः बांधताय, थापीच्या कडेने घाव घातला की वीट तिरकी फुटते आणि कोपरे ढासळतात. आधी एक ठरवा: कापलेल्या विटांपैकी किती डोळ्यांना दिसणार आहेत? तुटलेलं तोंड मसाल्याच्या सांध्यात दडवता येतं. भिंतीला गिलावा होणार असेल तर बाहेरच्या कडेचीही फार चिंता नको. विटा उघड्या राहणार असतील तरच दर्शनी कड जपायची, आणि तीही फक्त एका बाजूची. हे लक्षात घेतलं की निम्मं काम साध्या छिन्नीवर निभतं.

त्याहून चांगलं म्हणजे कापणंच टाळणं. मसाला कालवण्याआधी पहिला थर कोरडाच मांडून बघा. एका थरात वीस सांधे असतील आणि प्रत्येक सांधा 2 मिमीने वाढवला किंवा घटवला, तर 40 मिमीचा फरक पडतो, आणि तो नजरेला जाणवतही नाही. भिंतीची लांबी थोडी पुढेमागे करायची मोकळीक असेल तर हा खटाटोपही नको.

माप घेताना बहुतेक जण फसतात. अद्धा म्हणजे विटेचा बरोबर अर्धा भाग नव्हे. दोन अद्धे आणि मधला सांधा मिळून एक वीट भरली पाहिजे. वीट 230 मिमी आणि सांधा 10 मिमी असेल तर अद्धा 110, पाव 50 आणि पाऊण 170 मिमी. 115चे अद्धे कापलेत तर उभे सांधे थरागणिक सरकत जातात, आणि दोष बिचाऱ्या ओळंब्याला (उभी रेष तपासायच्या दोरी-वजनाला) दिला जातो. पाव तुकडा भिंतीच्या अगदी टोकाला ठेवू नका, तो तिथून निखळतो. कोपऱ्याच्या विटेला लागून आत बसवा.

आता वीट निवडा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत चीर असते किंवा भाजणी कमी झालेली असते. अशी वीट तुम्ही आखलेल्या रेषेवर नाही, स्वतःच्या चिरेवर फुटते. काळपट खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या विटाही कापायला घेऊ नका, त्या काचेसारख्या तडकतात.

छिन्नी रुंद घ्या, साधारण विटेच्या रुंदीएवढ्या, म्हणजे चारेक इंच पात्याची. अरुंद छिन्नीने रेष तुटक पडते आणि तिथूनच वीट वाट चुकते. गुण्या (काटकोनी पट्टी) लावून चारही बाजूंनी रेघ मारा, खिळ्याने ओरखडा काढलात तर उत्तम, कारण पेन्सिलची रेघ धुळीत पुसली जाते. वीट वाळूच्या थरावर ठेवा. काँक्रीटवर किंवा फरशीवर ठेवली तर खालून उसळी बसून भलतीकडेच तुटते. मग रेघेवर छिन्नी सरकवत हलके ठोके द्या, वीट फिरवत चारही बाजूंनी बारीक खाच पडेपर्यंत. जोर इथे लावायचाच नाही. खाच पूर्ण झाली की छिन्नी दर्शनी बाजूवर मधोमध धरा, तिचं टोक टाकाऊ तुकड्याकडे किंचित झुकू द्या आणि एकच ठाम घाव घाला. आत फुगीर राहिलेला भाग थापीच्या कडेने किंवा छिन्नीने टिपून काढा. तोंड थोडं आतल्या बाजूला खोलगट झालं तर बरंच, सांधा नीट बसतो. डोळ्यांना गॉगल हवाच, कपच्या सरळ तोंडावर येतात.

कापायचे तुकडे बरेच असतील, विटा उघड्या राहणार असतील किंवा लांबीतून चिरायचं असेल, तर मात्र ग्राइंडर. चार इंची मशीनला डायमंड ब्लेड लावा, लाकडाची दातेरी चकती चुकूनही नको. हे ब्लेड विटेतून आरपार जात नाही, एका बाजूने जेमतेम 25 ते 30 मिमी उतरतं. म्हणून दर्शनी बाजूने आणि मागच्या बाजूने काप घ्या, मधला गाभा छिन्नीच्या एका ठोक्याने तोडा. कड करवतल्यासारखी येते आणि ब्लेडही कमी झिजतं. माझ्या मते घरकामाला हीच पद्धत सर्वांत सोयीची. काप एका दमात खोल नेऊ नका, दोन-तीन फेऱ्यांत उतरवा, आणि ब्लेड कापात असताना मशीन आडवी वळवू नका. वीट शिकंज्यात किंवा दोन फळ्यांच्या बेचक्यात पक्की बसवा, पायाखाली दाबून कापणं बंद. गार्ड काढून मोठी चकती बसवायचा उद्योगही नको: मोठ्या चकतीची वेगमर्यादा कमी असते, लहान मशीनचा वेग तिला झेपत नाही आणि ती फुटू शकते.

धुळीबद्दल मी जरा हट्टी आहे. विटेच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, किमान एन-95 मास्क तोंडाला घट्ट बसलेला हवा. कापण्याआधी वीट भिजवून ठेवली तर धूळ बरीच कमी होते. पण चालू ग्राइंडरवर पाणी ओतू नका, साधी मशीन त्यासाठी बनलेली नसते आणि शॉक बसेल. पाणी घालून कापायचंच असेल तर टाकीवालं टेबल कटर एक दिवस भाड्याने आणा. अशा कामात वीजजोडणीला गळती पकडणारा ब्रेकर असावा.

भोकांच्या विटा छिन्नीने तोडू नका, पातळ भिंती चुरून जातात, त्यांना ग्राइंडरच. हलके एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक मात्र कडक दातांच्या हातकरवतीने लाकडासारखे कापले जातात, तिथे मशीनची गरजच नाही.