टीबीचं औषध लागू पडतंय, हे रक्तातून कळेल का?

प्रश्न: वडिलांना फुप्फुसाच्या टीबीचं औषध सुरू होऊन दोन महिने झाले. पुन्हा इग्रा ही टीबीची रक्तचाचणी करावी का?

उत्तर: नको, त्यावर पैसे घालवू नका. इग्रात टी-पेशींनी (जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) सोडलेलं इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन मोजतात. या पेशींची आठवण टिकते, म्हणून जंतू मेल्यावरही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. उपचाराचा परिणाम पाहायला रक्तातलं आयपी-10 हे प्रथिन जास्त आशादायक आहे. उपचार लागू पडला की त्याची पातळी बहुधा उतरते. पण डेंगी, कोविडमध्येही ते चढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर औषध बदलता येत नाही.

आत्ता थुंकी तपासा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका द्या. नुसती लाळ दिली तर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. सीबीनॅट ही जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी इथे फसवते, मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिला दिसतो. थुंकीत जंतू दिसलेच, तर कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि औषध-संवेदनशीलता (कोणतं औषध लागू पडतं ते पाहणं) या चाचण्या लगेच करून घ्या.