फॉर्मवर सही होते, पण शिकायला काही मिळत नाही

प्रश्न : फिजिओथेरपीची पदवी घेतली. पहिल्या नोकरीला आठ महिने झाले. इथे क्लिनिकल सुपरव्हिजन आहे, म्हणजे अनुभवी थेरपिस्ट आपलं काम बघून शिकवतात, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात मॅडम महिन्यातून एकदा दहा मिनिटं बोलावतात, किती पेशंट झाले, नोंदी पूर्ण आहेत का एवढं विचारतात आणि फॉर्मवर सही करतात. चुकलं तर मात्र सगळ्यांदेखत ऐकवतात. आता शंका विचारायलाच भीती वाटते. दुसरीकडून जास्त पगाराची ऑफर आली आहे. जाऊ का?

उत्तर : पगाराचं शेवटी बोलू. तुला जे मिळतंय त्याला मी हजेरी म्हणेन, सुपरव्हिजन नाही.

ब्रिटनमधल्या समुपदेशक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं मांडली आणि ती चौकट आजही वापरात आहे. काम सुरक्षित आणि नियमांना धरून होतंय ना हे पाहणं, कौशल्य वाढवणं, आणि या कामाचा मनावर साचणारा ताण मोकळा करायला जागा देणं. तुझ्या मॅडमनी यातलं पहिलं धरलंय, तेही अर्धंमुर्धं. नोंदी चोख असल्या म्हणजे उपचार बरोबर चाललेत असं थोडंच आहे?

दुसरं काम कसं होतं ते बघ. समज, गुडघ्याचं सांधेरोपण झालेले एक आजोबा आहेत. गुडघा सत्तर अंशांपुढे वाकत नाही. तू सेशन घेतेस, सुपरव्हायझर कोपऱ्यात उभ्या राहून गप्प बघतात. नंतर विचारतात, "मोजताना तुझं लक्ष कुठे होतं?" तू म्हणतेस, "गोनिओमीटरवर" (सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं साधन). त्या म्हणतात, "मी त्यांच्याकडे बघत होते. तू पायाला हात लावायच्या आधीच त्यांनी श्वास रोखला होता आणि चादर मुठीत धरली होती. दुखणं कमी व्हायची गोळी त्यांनी कधी घेतली होती?" ते तू विचारलेलंच नसतं. सांधा आखडलाय की माणूस भीतीने स्नायू आवळून धरतोय, हा प्रश्न मग तुझा तुलाच पडतो आणि पुढच्या वेळी गोळीची वेळ बघून सेशन लावलं जातं. हे फॉर्म वाचून कधीच कळलं नसतं. (सगळंच प्रश्न विचारून काढून घ्यायचा हट्ट धरणारेही मी पाहिलेत. नवख्या माणसाला कधी कधी "इथे हात असा ठेव" असं सरळ सांगावं लागतं.)

मॅडमना लगेच वाईट ठरवू नकोस. उत्तम थेरपिस्टला सुपरव्हायझर करतात, पण सुपरव्हिजन कसं करायचं हे शिकवतच नाहीत, असं सर्रास होतं. पुढच्या वेळी मागणी तू कर : "मॅडम, या खेपेला अर्धा तास मिळेल का? एका पेशंटबद्दल अडलंय." चार ओळी लिहून ने. काय दिसलं, मला काय वाटलं, काय केलं, कुठे अडले. "एकदा माझं सेशन बघाल का?" असंही विचार. मन घट्ट करावं लागेल, पण याचा फायदा सगळ्यात जास्त होतो. चारचौघांत ऐकवण्याचा विषय तुम्ही दोघीच असताना काढ. "चूक एकटीला सांगितलीत तर मला पुढचं विचारता येईल," एवढं पुरे.

त्याच मॅडम तुझं वार्षिक मूल्यमापन लिहीत असतील तर "मला हे जमत नाही" हे वाक्य तुझ्या तोंडून सहजी निघणार नाही. तसं असेल तर दुसऱ्या कुणा सिनियरकडे सुपरव्हिजन मिळेल का ते विचार. मनावरचं ओझं ऑक्युपेशनल थेरपिस्टसुद्धा (पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा) ऐकून घेईल, हातातलं कसब मात्र फिजिओकडूनच शिकावं लागेल. कुणीही असो, इथलं बोलणं कुठे जाणार आणि कुठे नाही हे आधी ठरवून घ्या. पेशंटला धोका असेल तर गुप्तता राहत नाही, हेही त्यातच आलं. आणि अशी धोक्याची शंका ठरलेल्या तारखेपर्यंत उशाशी घेऊन बसू नकोस. बोलणी खावी लागली तरी त्याच क्षणी विचार.

आता ऑफर. दोन महिने हे करून बघ. काहीच हललं नाही, तर निघायला हरकत नाही. पण तिकडे पगाराबरोबर हेही विचार : नव्या माणसाला सुपरव्हिजन किती वेळा मिळतं? तो वेळ ड्युटीत धरतात का? गर्दीच्या दिवशी रद्द झालं तर पुन्हा लावतात का? पहिल्या वर्षात पंधरा दिवसांतून पाऊण तास मिळणार असेल तर आहे त्या पगारातसुद्धा जा, असं मी म्हणेन. "आमच्याकडे सिनियर असतातच, केव्हाही विचारा," असं उत्तर आलं तर जरा थांब. केव्हाही म्हणजे बहुतेकदा दोन पेशंटच्या मधे, दारात उभ्या उभ्या.

मुलाखत घेणाऱ्यांच्या शब्दावर सोडू नकोस. तिथे काम करणारी एखादी ज्युनिअर गाठ आणि तिला विचार, तुझं शेवटचं सुपरव्हिजन कधी झालं आणि त्यात कुठल्या पेशंटबद्दल बोललात? ती पटकन एखाद्या पेशंटची गोष्ट सांगायला लागली तर ती जागा बघण्यासारखी आहे.