चाक स्वतः काढताय? मग नटांकडे नीट लक्ष द्या

अरे भावा, घरी चाकं काढायची ठरवलीस ते बेस्टच, पण सगळ्यात जास्त खर्च नटांच्या चुकांमुळे होतो बघ. नट आधी हाताने तीन-चार आटे सरळ फिरव, अडकला तर जोर लावू नकोस, कारण तिरका बसला आणि पाना मारलास की स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या दांड्याचे, आटे गेलेच समज. मग क्रॉसमध्ये, म्हणजे समोरासमोरचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, फायनल. किती जोर (टॉर्क) तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांना 100 न्यूटन मीटरच्या आसपास, पण तुझ्या गाडीचाच बघ. पान्यावर उभं राहून आवळणं तर प्लीज नको, पुढे रस्त्यात पंक्चर झालं की तोच नट सुटत नाही.

आट्यांना ग्रीस-ऑइल लावू नकोस, तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. हबवरचा, म्हणजे चाक जिथे टेकतं त्या भागावरचा, गंज मात्र वायर ब्रशने साफ कर, नाहीतर चाक सपाट बसत नाही आणि नट सैल होतात. म्हणूनच 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क चेक कर.

आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अजिबात जायचं नाही, जॅक स्टँड लावच.