मंडईच्या दिवसांत नागपूरला पळू नकोस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. निम्मं तर पुण्याचंच आहे. शुक्रवारी कोथरूडला साडेनऊचा प्रयोग, नाटक सुटल्यावर घोळक्यानं कुठेतरी बसणं, शनिवारी कुणाचा वाढदिवस, रविवारी कुणाकडे बिर्याणी, आणि तेवढ्यात मोबाइलवर पुढच्या आठवड्याची जुळवाजुळव सुरू. उरलेल्या निम्म्यात आमचा तालुका: सहाला शाखेचं शटर पडतं, साडेसातला गाव जेवतं, नऊनंतर रस्त्यावर कुत्रीच तेवढी. म्हणून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी तू नागपूर गाठतेस, देशपांडे सभागृहात एखादं विनोदी नाटक लागलं असलं तर पाहतेस, जुन्या कॉलेजच्या मंडळींना भेटतेस, आणि सोमवारी काउंटरवर जांभया देतेस. वर मला विचारतेस, काका, अजून दोन वर्षं कशी काढू?

मी याच बँकेत आयुष्य काढलं आणि माझं गाव वडशापासून हाकेवर आहे, म्हणून हक्कानं सांगतो. दिवाळी ते होळी नागपूर बंद कर. उन्हाळ्यात हवं तितक्या वेळा जा, तेव्हा इथं उन्हाशिवाय पाहण्यासारखं काही नसतं. पण भाऊबीज झाली की इथं मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि त्यांतली रात्रीची नाटकं सुरू होतात; ती सोडून तू तीन तास एसटीत बसून नाटक पाहायला दुसरीकडे जावंस, हे मला पटत नाही.

तू रुजू व्हायला आलीस तेव्हा वडसा तुझ्यासाठी गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं एक स्टेशन होतं. कागदोपत्री देसाईगंज. त्या बाजारपेठेत जरा पायी फिर. दुकानांच्या वर, गल्लीच्या तोंडाशी, नाटक कंपन्यांची कार्यालयं दिसतील. बाहेर नटनट्यांच्या फोटोंचे मोठमोठे फलक, आत टेबलावर तारखांची वही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या सगळ्या झाडीपट्टीतली गावं इथं येऊन कंपनी ठरवतात, इसार देतात, तारीख पक्की करतात. तिकीटविक्री आणि नफा-तोटा गावच्या मंडळाचा. नफा उरला तर देवळाला, शाळेला, कशालातरी लागतो. बुडालं तर मंडळाची पोरं वर्षभर तोंड लपवून फिरतात. तुझ्या पुण्यातल्या निर्मात्याला एवढी जोखीम पेलवेल का, कोण जाणे.

हंगाम धानावर चालतो, हे बँकेच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान निघालं की मंडया सुरू होतात. गावोगावी एकेक दिवस ठरलेला. दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचा नाच, शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, आणि रात्री नाटक. पुढे भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान विकून चुकारे खात्यात जमा होतात तेव्हा शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस येतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती थांबवल्या तेव्हा पटाच्या जोरावर होणाऱ्या नाटकांनाही फटका बसला. 2021च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि 2023 साली घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. पट पुन्हा भरतात. मोठ्या पटाच्या गावी तर एकाच रात्री दोन-तीन नाटकं वेगवेगळ्या मंडपांत उभी राहतात.

आता प्रत्यक्ष जायचं कसं, ते सांगतो. तू पुण्याच्या सवयीनं तिकीट काढून ऐनवेळी पोहोचशील आणि तिथंच गाडं अडेल.

पहिलं म्हणजे नाटकाला जायचं नसतं, कुणाच्या तरी घरी जायचं असतं. मंडईच्या दिवशी त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात. तुझ्या शाखेचा शिपाई किंवा रोजंदारीवरचा पोरगा अशाच एखाद्या गावचा असणार. तो 'मॅडम, नाटक पाहाले या' म्हणाला असेल आणि तू 'बघू' म्हणून हसली असशील. त्याला आता स्वतःहून सांग, की येते. दुपारीच जा. बाजार फिर, जेव, त्याच्या घरच्या बायकांबरोबर बस. रात्री त्याच तुला मंडपात नेतील, आपल्यात बसवतील, आणि पहाटे झोपायला जागाही त्याच देतील. बायका, म्हातारी, तान्ही पोरं, सगळं घर येतं, त्यामुळे एकटीनं कसं जाऊ हा प्रश्न उरत नाही. रात्री मात्र परत फिरायचं नाही. आपल्याकडे जंगलातला रस्ता आणि वाघ या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणी कितीही 'सोडून देतो' म्हणालं तरी मोटरसायकलवर बसू नकोस.

तासाभरात तुला विचारतील, लग्न झालं का. नाही म्हणालीस की जात विचारतील, मग पगार. चिडू नकोस. मंडईत स्थळं पाहणं हा उघड कारभार आहे, नाटक त्याला निमित्त असतं. एकदा सांगून टाकलंस की त्या पुन्हा विचारत नाहीत. तुझ्या पुण्याच्या घोळक्यात हीच चौकशी चार महिने आडून आडून चालते, एवढाच फरक.

दुसरं, आणि हे नीट वाच. डिसेंबर लागला की मंडळाची चार पोरं शाखेत येतील. हातात पत्रक. त्यावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी अशी नावांची उतरंड. कंपनीचं नाव एका कोपऱ्यात, पाहुण्यांची नावं उरलेल्या पानभर. तुला म्हणतील, मॅडम, तुम्ही प्रमुख अतिथी. म्हणजे हार, नारळ, पुढची खुर्ची, दोन शब्द, आणि पाकिटात घालून देणगी. पाकिटाचं कुणी बोलत नाही, पण ते गृहीत असतं. तू गोडीनं नाही म्हण. कारण त्याच पत्रकावर तुझ्या थकीत कर्जदारांपैकी एक-दोघं सहउद्घाटक असतील. एका मंचावर एका हाराखाली बसलात, की मार्च महिन्यात त्याच्या दारात वसुलीला उभं राहणं जड जातं. वर्गणीची साधी पावती फाडायची तर फाड, सगळ्या गावांना सारखीच रक्कम. एका गावाला जास्त दिलीस तर ते दुसऱ्याला त्याच रात्री कळतं.

भाषणं लांबतात. दहाचं नाटक अकराला उघडतं, कधी साडेअकराला. तोवर पोरं झोपून जातात, मग पहिल्या गाण्याला दचकून उठतात. थंडी अशी की मफलर पुरत नाही, जाड ब्लँकेट घेऊन जा. खुर्चीचं तिकीट महाग, जमिनीवरचं स्वस्त. तू जमिनीवर बस. खुर्चीवाल्यांना नाटक दिसतं, पण शेजारीण कुठे हसते आणि कुठे पदर डोळ्याला लावते, ते जमिनीवरच कळतं.

आता नाटकाचं. तुझी पुण्याची नजर पहिल्या दहा मिनिटांत दोष काढील. माइक वरून लोंबकळताहेत आणि नट त्यांच्याखाली येऊनच बोलतो. प्रॉम्प्टरचा आवाज कधी नटाच्या आधी तुझ्यापर्यंत पोहोचतो. रडण्याच्या प्रसंगाला ऑर्गन कडाडतो. सगळं खरं आहे. तालमी फार होत नाहीत, कारण हंगामात कंपनी आज इथं आणि उद्या नदीपलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला. म्हणून ते नाटक दोषांसाठी नको पाहूस, विनोदी नटासाठी पाहा. पोस्टरवर नाव कितीही रडकं असो, लोक त्याच्यासाठी आलेले असतात.

त्याची कसरत सोपी नाही. पुढे दोन-तीन हजार माणसं, वर उघडं आभाळ, मंडपाच्या कडेला भज्यांची कढई आणि मागे पोरांचा गलका. नाट्यगृहात विनोद एकदम सगळीकडे पोहोचतो. इथं पुढच्या रांगा हसतात, मग मधल्या, मग कनातीजवळचे. कसलेला नट ही लाट मागपर्यंत जाऊ देतो. तोवर तो धोतर सावरतो, टोपी झटकतो, वादकांकडे रागानं बघतो. कच्चा नट घाईनं पुढचं वाक्य टाकतो आणि दोन्ही विनोद वाया घालवतो. मी स्वतः गावच्या नाटकात तोंडाला रंग लावलेला आहे. ते थांबणं किती कठीण, ते मंचावरच कळतं. समोर एवढी माणसं असताना गप्प उभं राहायला छाती लागते.

गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवरचे. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका. घरची शेती सांभाळून. त्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात ते उगाच नव्हे. तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणींनी त्यांचं नाव ऐकलं नसेल, पण तुझ्या शाखेच्या रांगेत उभा असलेला कुठलाही माणूस त्यांच्याबद्दल अर्धा तास बोलेल. विचारून बघ. केवायसीचा कागद राहिला म्हणून परत पाठवलेला म्हातारासुद्धा राग विसरतो.

मी सगळ्याचं कौतुक करतोय असं समजू नकोस. काही विनोद ओंगळ असतात. बाईच्या अंगावर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर हशा काढायचा, ही जुनी खोड गेलेली नाही. मध्येच लावणी घुसडतात आणि तेवढ्यासाठी पुढच्या रांगा शिट्ट्या मारतात. तुला नाही आवडलं तर एक वाजता उठ आणि घरी जाऊन झोप, कुणी नावं ठेवणार नाही. न आवडलेलं नाटक पहाटेपर्यंत पाहणं हे काही पुण्यकर्म नाही. आणि तुला नाटक कसं वाटलं म्हणून घरातल्यांनी विचारलं तर खरं सांग. त्या बायका त्याच विनोदावर तुझ्यापेक्षा कडक बोलतील.

एक होईल, त्याची तयारी ठेव. विनोदी नट आधी गावात चौकशी करतो. सरपंच कोण, दारू कुठे मिळते, कुणाची बैलजोडी हरली. पडद्याआडच्या वाक्याला सोडून तो हे मध्येच पेरतो आणि मंडप फुटतो. बँकेच्या नव्या मॅडम आल्यात हे त्याला कळलं असेल, तर कर्जाच्या फेऱ्यांवर, 'सर्व्हर डाऊन'वर, पीक विम्याच्या कागदांवर काहीतरी येईल. सगळे मान वळवून तुझ्याकडे बघतील. तेव्हा हस. कसनुसं नाही, मोकळं हस. ज्या माणसाला तू सकाळी 'उद्या या' म्हणाली असशील तोही तिथं बसलेला असतो आणि तू हसतेस की नाही एवढंच तो बघतो.

पुण्यातली तुझी माणसं तू निवडलेली होतीस. आवडीनं, वयानं, पगारानं एकसारखी. ती तुटली म्हणून तुला इथं माणूसच नाही असं वाटतं. इथं निवड कमी आहे, हे मी मान्य करतो. तुझ्याशी पुस्तकांवर बोलणारी मैत्रीण त्या मंडपात कदाचित भेटणार नाही. तिच्याशी फोनवर बोलत राहा, ते तोडू नकोस. पण इथल्या लोकांना तू कर्जाच्या फायलीतून ओळखतेस आणि ते तुला काचेपलीकडून. नाटकाच्या रात्री दोघंही एकाच पोत्यावर बसता. नागपूरच्या वाऱ्यांतून हे घडणार नाही.

आमच्या गावची मंडई यंदाही आहे. तारीख मंडळाची बैठक झाली की कळवतो. काकू घारगे करणार आहे, तू आदल्या दिवशीच ये. तिकिटाचे पैसे मी देईन, तू पाकीट काढू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावात वसुलीची बैठक लावू नकोस. दुपारी बारापर्यंत गावात एक माणूस उठलेला सापडणार नाही, तुझा शिपाईसुद्धा.

तुझा,
काका