ताई प्रशिक्षणाला गेली, घरी आई आणि तू

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ताई सैन्याच्या प्रशिक्षणाला गेल्यापासून आई नीट जेवत नाही, रात्री उठून बसते, विचारलं तर ‘काही नाही रे’ म्हणते, असं लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंयस, ‘आईला यातून बाहेर कसं काढू?’ सैन्यात गेलेल्या मुलामुलींच्या घरच्यांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या आधारावर सांगते. बाहेर काढायची घाई करू नकोस. तिचे काही आठवडे असेच जाणार आहेत. त्या आठवड्यांत ती एकटी पडू नये, एवढंच तू बघ. तेही सोपं नाही.

आई रडते म्हणजे ताईचा निर्णय तिला पटलेला नाही, असा अर्थ कधीही काढू नकोस. निवडीची बातमी आली तेव्हा तिने किती जणांना फोन केले असतील, आठव. तो आनंद खरा होता आणि आजचं रडणंही खरं आहे. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने 1970च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस समोर नाही पण मनात सतत आहे, अशा अवस्थेतलं दुःख फार अवघड जातं, कारण त्याचा शेवट कुठे धरायचा तेच कळत नाही, असं तिने मांडलं. आपली ताई सुखरूप आहे, म्हणून त्या कुटुंबांशी बरोबरी करायची नाही. पण आईच्या गोंधळाची जात तीच आहे. मुलगी चांगल्या कामाला गेलीय, मग रडायचं कशाला, असं ती स्वतःलाच दटावत असणार. ‘काही नाही रे’ हे त्यातूनच येतं.

म्हणून ‘रडू नकोस’, ‘विचार करू नकोस’ ही दोन वाक्यं तू तरी बोलू नकोस. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. त्यांना तो थांबवता आला नाही. आणि पुढे मोकळीक दिल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही त्यांच्या मनात अस्वल जास्त येत राहिलं. आईला ताईचा विचार करू नकोस म्हटलंस तर तेच होईल. त्यापेक्षा तूच विषय काढ. ‘आत्ता ताई काय करत असेल गं?’ असं विचार आणि मग ती जे बोलेल ते ऐक. मध्येच उपाय सुचवू नकोस. ती बोलता बोलता रडली तर उठून जाऊ नकोस. तरुण मुलांना आईचं रडणं बघवत नाही, हे मला माहीत आहे. तरी बस.

आता फोनबद्दल, कारण आईचा निम्मा जीव त्या फोनमध्ये अडकलाय. सुरुवातीचे काही आठवडे फोन मिळत नाही किंवा अगदी मोजका मिळतो, हे बहुतेक प्रशिक्षणांत ठरलेलंच असतं. अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये नव्या भरतीचं प्रशिक्षण 13 आठवडे चालतं. तिथे पोचल्यावर घरी एक छोटा फोन करू देतात, तोही समोर लिहून ठेवलेली वाक्यं वाचून. सुखरूप पोचले, पुढचं पत्राने कळवीन, एवढंच. ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीतला अधिकारी होण्याचा कोर्स 44 आठवड्यांचा, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतला 49 आठवड्यांचा, एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, तर तीन वर्षं. मुदती आणि नियम निरनिराळे, पण सुरुवातीचा काळ सगळीकडेच कडक. नव्या मुलांना घरच्या सवयींतून सोडवून तुकडीच्या सवयींत बसवायचं ते दिवस असतात. हे आईला एकदा सावकाश समजावून सांग. ताईच्या जॉइनिंग लेटरसोबत आलेल्या सूचना तिच्यासोबत बसून वाच आणि फोन कधी मिळणार, पत्र कोणत्या पत्त्यावर, भेट कधी, हे कॅलेंडरवर तिच्याच हाताने लिहून घे. नुसता धीर दिल्याने तिची झोप परत येणार नाही, तारखा कळल्या तर थोडी येईल.

आणखी एक, अगदी साधं. तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आपोआप बंद करण्याची सोय चालू असेल तर आजच काढ. ताईचा पहिला फोन बहुधा अनोळखी नंबरवरूनच येईल. तो चुकला तर आई आठवडाभर स्वतःला दोष देत बसेल.

तो फोन कसा असेल, तेही आधीच सांगून ठेव. ताईचा आवाज बसलेला असेल, कारण कवायतीत दिवसभर मोठ्याने ओरडून उत्तरं द्यावी लागतात. वाक्यं तुटक असतील, मागे रांगेत आणखी मुली उभ्या असतील, मिनिटं मोजून दिलेली असतील. ‘बरी आहे, जेवते, ठेवते’ एवढ्यावर फोन बंद होईल. मग आई म्हणेल, ‘ती रडत होती, मला सांगितलं नाही तिने.’ असं म्हणणाऱ्या खूप आया मी पाहिल्या. आवाज बसण्याचं कारण ज्यांना आधी माहीत होतं, त्यांची ती रात्र जरा बरी गेली. फोनजवळ एक चिठ्ठी ठेवा, त्यावर दोन-तीनच गोष्टी. सगळ्यात वर लिहा: ‘आम्ही ठीक आहोत.’ ताईला तेच आधी ऐकायचं असतं.

पत्रांचं गणित वेगळं. घरची आठवण सहसा सुरुवातीच्या दिवसांतच सगळ्यात जास्त छळते. त्या दिवसांत ताई अंथरुणावर बसून लिहील, ‘मला जमणार नाही, मला घरी यायचंय.’ ते पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतील आणि तोवर ती कदाचित मैत्रिणींबरोबर हसतही असेल. आई मात्र ते पत्र आजचं म्हणून वाचेल. त्यामुळे पाकीट फोडलं की आधी तारीख मोठ्याने वाचायची, हा घरात नियमच कर. उत्तरांना क्रमांक घाला, पत्रं मागेपुढे पोचतात.

आईने काय लिहावं? रोजचंच. पाऊस पडला, तुझा गणिताचा पेपर कसा गेला, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ हे ताईला जाऊ नये, कारण तिथे तिला त्यावर काहीच करता येत नाही. पण आईच्या मनात ते आहे, म्हणून त्याची जागा वेगळी हवी. तिला एक वही आणून दे, फक्त तिची. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवांबद्दल मनातलं लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. आईला लिहायची सवय नसेल तर तिने सांगावं, तू लिही. ती वही तू मात्र वाचायची नाही.

येणारे-जाणारे विचारतील, ‘मुलीला कशाला पाठवलंत?’ मुलगा गेला असता तर अभिनंदन झालं असतं. मुलगी गेली की आईकडे जाब मागतात. याचा मला मनापासून राग येतो. त्या प्रश्नाला आईने उत्तर देत बसू नये, तू दे. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत मुली 1976 पासून आहेत, नॉर्वेत 2015 पासून सक्तीची लष्करी सेवा मुलींनाही लागू आहे, एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये दाखल झाली. हे शांतपणे सांग आणि विषय बदल. आईसमोर कुणी बोललं तर आईसमोरच उत्तर दे, ते तिने ऐकायला हवं.

तिची भीती मात्र पोकळ नाही, तेव्हा ‘काही होत नाही गं’ म्हणून उडवून लावू नकोस. नडगी, घोटा, पाऊल दुखावणं प्रशिक्षणात नेहमीचं आहे आणि ताणामुळे हाडाला बारीक चीर जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळतं. दुखणं लपवू नको, लगेच तिथल्या डॉक्टरला दाखव, हे वाक्य आईने पत्रात जरूर लिहावं. कुणी वावगं वागलं तर गप्प बसू नको, घर तुझ्या पाठीशी आहे, हेही. आणि आईला सांग की गंभीर काही झालंच तर संस्था निकटच्या नातेवाइकाला स्वतः कळवते. ताईने फॉर्मवर दिलेला नंबर चालू आहे ना, तेवढं बघून ठेव.

आता लक्षपूर्वक वाच. आई मध्येमध्ये रडते पण बाकी कामं करते, कुणाशी बोलते, कधी हसते, तर काळजी नाही. पण जवळजवळ रोजच, दिवसाचा बराचसा वेळ उदासी, कशातच मन न लागणं, झोप-जेवण पार बिघडणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तिला डॉक्टरकडे घेऊन जा. ‘जगून काय करायचं’ असं काही बोलली तर त्याच दिवशी. तिथे सोबतीने भागत नाही आणि तो भार तुझ्या वयाच्या मुलाने एकट्याने उचलायचाही नाही. मला, काकांना, जो जवळ असेल त्याला सांग.

आणि तू? तुझ्या पत्रात सगळं आईचं आहे. ताई तुझीही गेलीय. तिच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं तर बस. आईसमोर डोळे भरले तर भरू देत; आपण दोघंही तिला शोधतोय हे कळलं की तिला हलकंच वाटेल. आईसाठी अभ्यास, खेळ, मित्र सोडू नकोस. तू घरात बसून राहिलास तर तिला ताईबरोबर तुझीही काळजी लागेल.

पहिल्या सुट्टीला ताई आली की आई तिच्या मागे-मागे फिरेल आणि ताई पहाटे उठून आपलं अंथरूण स्वतः घडी करेल, भराभर जेवेल, कमी बोलेल. आई तेव्हा पुन्हा दुखावेल. दोघींना एकटं सोड एखादी दुपार, तू बाहेर जा.

आजच ताईला तुझं स्वतंत्र पत्र लिही. आईच्या पत्राखाली दोन ओळी नकोत, आख्खं पान लिही आणि त्यात नेहमीची भांडणंही येऊ देत. तिचा फोन आला की मला कळव, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझी,
मावशी